कूचबिहार भुर्र!

लहानपणी अंगणात गोल करून बोटं टेकवायचो. चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र! म्हशीला ज्याचं बोट उठलं तो बाद. हाच खेळ आता मी कोलकात्यात मोबाइलवर खेळतो. कोलकाता ते कूचबिहार विचारलं की उत्तर येतं : हवाई अंतर सुमारे 420 किलोमीटर, उड्डाणाला अर्धा तास. बोट आपसूक उठतं.

आणि मी बाद. कारण तो अर्धा तास ताशी 800 किलोमीटरने जाणाऱ्या जेटचा. 2023 च्या फेब्रुवारीत उडान योजनेतून या मार्गावर आलं ते नऊ आसनी, एका पंख्याचं विमान. ताशी 340 म्हणजे त्याची शर्थ. नऊ माणसं! आमच्या वडापच्या जीपमध्ये नऊ जण बसले तर ड्रायव्हर किल्लीला हात लावत नाही, ‘अजून पाच येऊ द्या’ म्हणतो. बरं, तिकीट मिळालंच, तर त्या सव्वा तासासाठी हाजरा रोडवरून दमदम विमानतळ गाठायचं, रांगेत पट्टा काढायचा, पट्टा घालायचा आणि ढगांकडे बघत बसायचं. या प्रवासात उडणं हा सगळ्यात किरकोळ भाग. ‘हवाई’ या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे, तो उगाच नाही.

रेल्वेने हेच गाव सातशे किलोमीटरच्या घरात. रात्री सियालदहला पदातिक एक्स्प्रेस धरली की दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला न्यू कूचबिहार. मधले पावणेतीनशे किलोमीटर आले कुठून? सरळ रेघ बांगलादेशातून जाते, म्हणून. फाळणीआधी दार्जिलिंग मेल सियालदहहून निघून 1915 च्या हार्डिंज पुलावरून पद्मा ओलांडायची आणि नीट उत्तरेला सिलिगुडीला जायची. 1947 मध्ये रॅडक्लिफसाहेबांनी कागदावर रेघ ओढली; गाव जागच्या जागी राहिलं, रस्ता तेवढा लांबला. पुढे फरक्काचा पूल होईपर्यंत गंगा ओलांडायला स्टीमर! शंभर वर्षांची प्रगती मोजायची असेल तर असं एखादं वेळापत्रक घ्यावं.

तसं कूचबिहार आपल्याला परकं नाही. सयाजीराव गायकवाडांच्या लेकीचं ते सासर. इंदिराराजेंनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडलं आणि 1913 मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी केलं, तेही लंडनला जाऊन. बडोदे ते कूचबिहार लंडनमार्गे जवळ पडतं, हे त्यांना मोबाइलशिवाय कळलं होतं.

आता पुन्हा त्या नऊ आसनी विमानाकडे. उडानच्या मार्गाला सरकारी पैशाचा टेकू तीन वर्षांचा. 2017 च्या एप्रिलमध्ये योजनेच्या उड्डाणांच्या पहिल्याच दिवशी शिमला–दिल्लीबरोबर आपल्या नांदेड–हैदराबादलाही हिरवा झेंडा दाखवला होता. झेंडा दाखवायला टेकू लागत नाही.

खालच्या मजल्यावरचे मेशोमशाय मूळचे कूचबिहारचेच. परवा त्यांना उत्साहाने अर्ध्या तासाचं सांगितलं. त्यांनी बोट उचललं नाही. “पदातिकचं खालचं बर्थ मिळेल का बघ,” म्हणाले, आणि आत लुची-आलूर दोमची ऑर्डर दिली.