जाळीपर्यंतचा प्रवास

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९०च्या दशकात, पोपटराव पवार सरपंच असताना, डोंगरउतारावर समतल चर खोदले. पुढे पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअरवेलला बंदी घातली. अख्ख्या डोंगराचं पाणी कुठे अडवायचं, हे गावाला नेमकं कळलं.

नूतनीकरण झालेल्या शहरी फ्लॅटमधलं पाणी मात्र दोन हातांवरच्या जाळीपर्यंत पोचत नाही. बाथरूमला इटालियन मार्बल आहे, सीलिंगमध्ये निळे दिवे आहेत आणि आंघोळ आटोपून मालक वायपर घेऊन उभे आहेत. उतार? मिस्त्री केव्हाच पुढच्या साइटवर गेला.

खरं तर चांगलं काम ओळखू येतं ते जवळजवळ फुकटातल्या गोष्टींवरून. छज्ज्याखालची बोटभर खाच (ती नसली की पहिल्याच पावसात भिंतीवर काळे ओघळ), ४५ अंशांत कापून कोपऱ्यात जुळवलेली स्कर्टिंग, एका रेषेतले स्विचबोर्ड. पण वास्तुशांतीला आलेले पाहुणे खाच बघत नाहीत, झुंबर बघतात.

डोंगरावरचे समतल चर आखायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी गवंड्याकडेही असतेच. साइटवर हल्ली तिच्यावर बनियन वाळत असतात.