कुरुकारुनी आणि कंपनी

जपानमध्ये कंपनी काढण्यासाठी कायद्याने लागणारे किमान भांडवल एक येन आहे. पूर्वी शेअर कंपनीला एक कोटी येन लागत. मे 2006मध्ये नवा कंपनी कायदा लागू झाला आणि ती अट गेली. एका येनात टोकियोत काडेपेटीही येत नाही, कंपनी मात्र येते. ही सवलत परदेशी माणसालाही आहे. मात्र कंपनी काढून ती चालवण्यासाठी जपानात राहायचे असेल, तर ‘व्यवसाय व्यवस्थापन’ या प्रकारचा निवासी परवाना लागतो, आणि तो मागताना त्याच कंपनीत तीन कोटी येन दाखवावे लागतात. आजच्या भावाने हे साधारण पावणेदोन कोटी रुपये होतात. म्हणजे कंपनी जन्माला घालायला एक येन पुरतो, तिच्या बापाला घरात राहू द्यायला तीन कोटी लागतात.

16 ऑक्टोबर 2025पूर्वी हा आकडा 50 लाख येन होता. 50 लाखांत माणसे कागदोपत्री कंपन्या काढून राहायला येतात, असा सरकारला संशय आला. 2024च्या अखेरीस या परवान्यावर राहणारे सुमारे 41 हजार लोक होते. त्यांतले खरे उद्योजक कोण आणि नुसते भाडेकरू कोण, हे प्रत्येकाच्या दुकानात जाऊन पाहण्यापेक्षा सगळ्यांनाच सहापट महाग करणे सोपे ठरले. आता भांडवलाबरोबर एक पूर्णवेळ कर्मचारी हवा आणि तो जपानी नागरिक किंवा कायमचा रहिवासी अशा वर्गातला हवा. मालकाला व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव हवा किंवा पदव्युत्तर पदवी. दोघांपैकी एकाला तरी बऱ्यापैकी जपानी यायला हवे. शिवाय व्यवसायाचा आराखडा सनदी लेखापाल, कर-सल्लागार किंवा लघुउद्योग-सल्लागाराने तपासलेला हवा. भारतीय उपाहारगृह काढायचे असेल, तर पुढच्या तीन वर्षांत ताटाबाहेर लोंबणारे किती नान खपतील, याचा अंदाज अशा तज्ज्ञाच्या सहीनिशी द्यावा लागतो. जपानी गिऱ्हाइकाच्या लेखी नान नसलेले जेवण भारतीय नसते, त्यामुळे पिठल्याचा आराखडा कोणी सादर करत नाही.

जपानी नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला यातली एकही अट लागू नाही. त्याचा परवाना वेगळा असतो आणि त्यावर तो एका येनाची कंपनी खुशाल चालवू शकतो.

कंपनी काढण्याच्या क्रमाला आरंभ नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. नोंदणीसाठी पत्ता लागतो. कचेरी भाड्याने घ्यायची, तर घरमालक विचारतो, कंपनी कुठे आहे? भांडवल भरायला बँकेत खाते लागते. कंपनीचे खाते कंपनी झाल्याशिवाय निघत नाही, म्हणून पैसे प्रवर्तकाच्या वैयक्तिक खात्यात भरायचे. वैयक्तिक खात्यासाठी निवासी कार्ड लागते. कार्डासाठी परवाना लागतो. परवान्यासाठी कंपनी लागते. कोंबडी आधी की अंडे, हा प्रश्न इतरत्र तत्त्वज्ञांकडे असतो, जपानात तो इमिग्रेशनच्या खिडकीवर असतो. त्यातून वाट काढण्यासाठी सरकारनेच 2015मध्ये चार महिन्यांचा तात्पुरता परवाना आणला. तेवढ्या मुदतीत घर, खाते, कचेरी आणि नोंदणी उरकायची असते. शिवाय ‘स्टार्टअप व्हिसा’ आहे, तो स्थानिक प्रशासनाच्या शिफारशीवर मिळतो. परदेशी उद्योजकांनी जपानात यावे, असे सांगणारी पत्रके एक खाते छापते आणि आलेल्यांना परत पाठवण्याच्या अटी दुसरे छापते. दोन्हींचा कागद उत्तम असतो.

भांडवल भरल्याचा पुरावा म्हणजे पासबुकाची झेरॉक्स. मुखपृष्ठ, आतले पहिले पान आणि रक्कम जमा झाल्याचे पान, अशी तीन पाने एकत्र बांधून त्यांच्या जोडावर शिक्का मारतात. खात्यात पैसे आधीपासूनच असतील तर पंचाईत होते, कारण शिल्लक दिसते, ‘भरणा’ दिसत नाही. तेव्हा प्रवर्तक स्वतःचे पैसे काढतो आणि त्याच खात्यात पुन्हा भरतो. यंत्र पासबुकावर नवी ओळ छापते आणि भांडवल उभे राहते.

आता शिक्का. त्याला हान्को म्हणतात आणि कंपनीला तो सहसा तीन प्रकारांत लागतो: नोंदणीकृत गोल शिक्का, बँकेचा शिक्का आणि बिलांवर मारायचा चौकोनी शिक्का. 2020मध्ये प्रशासकीय सुधारणा मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कागदांवरून हान्को हद्दपार करण्याची मोहीम काढली. 2021पासून ऑनलाइन नोंदणी करणाऱ्या कंपनीला शिक्का नोंदवणे ऐच्छिक झाले. बहुतेक जण तरीही नोंदवतात, कारण बँक आणि घरमालक यांनी तो ऐच्छिक केलेला नाही. शिक्का खरा असल्याचा दाखला मिळतो आणि तो तीन महिन्यांत शिळा धरला जातो.

कंपनीच्या शिक्क्याआधी मालकाचा स्वतःचा शिक्का लागतो. परदेशी नाव त्यावर कातकाना लिपीत कोरता येते. या लिपीत ल आणि र वेगळे नाहीत आणि न सोडला तर व्यंजनाला स्वरावाचून उभे राहता येत नाही. त्यामुळे कुलकर्णी हे ‘कुरुकारुनी’ होतात आणि लेले ‘रेरे’. लेल्यांची पाच अक्षरी कुचंबणा होत नाही, एवढाच त्यांचा फायदा. कुरुकारुनींची पाच अक्षरे बोटाच्या पेराएवढ्या वर्तुळात बसवावी लागतात. निवासी कार्डावर नाव रोमन लिपीत, पासबुकावर कातकानात आणि पासपोर्टात वडिलांच्या नावासकट असते. हे तिघे एकच गृहस्थ आहेत हे दाखवण्यासाठी चौथा कागद लागतो.

कागदांची विभागणी काटेकोर आहे. परवान्याचे अर्ज ग्योसेई-शोशी लिहितो, कंपनीची नोंदणी शिहो-शोशी करतो, कर झेइरीशी पाहतो, कर्मचाऱ्याचा विमा शारोशी. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नसतो. आपल्याकडे भटजी, आचारी आणि वाजंत्री यांच्यात इतपत शिस्त असती तर लग्ने वेळेवर लागली असती. शेअर कंपनीची घटना नोटरीसमोर प्रमाणित होते. नोटरी बहुधा निवृत्त न्यायाधीश किंवा सरकारी वकील असतो आणि तीन कोटींच्या कंपनीसाठी तो 50 हजार येन घेतो.

नोंदणीचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तीच सहसा कंपनीची जन्मतारीख. इथे आधुनिक जपान थांबतो आणि पंचांग उघडतो. सहा दिवसांच्या चक्रात ‘ताइआन’ हा शुभ आणि ‘बुत्सुमेत्सु’ हा अशुभ दिवस. ते कॅलेंडरवर छापलेले असतात आणि अनेक जण ताइआन बघूनच अर्ज टाकतात. साऱ्या प्रक्रियेत मराठी माणसाला विनासायास समजणारी ही एकच पायरी आहे.

मग कंपनीचे खाते. बँक अर्ज घेते, कचेरीच्या दारावर पाटी आहे का विचारते आणि काही आठवड्यांनी ‘सर्व बाबींचा साकल्याने विचार करून’ नकार कळवते. कोणत्या बाबी, हे सांगायची पद्धत नाही.

तीन कोटींचा खर्च तिथेच संपत नाही. नोंदणी कर भांडवलाच्या 0.7 टक्के, किमान दीड लाख येन. तीन कोटींवर तो 2 लाख 10 हजार होतो. एक कोटीच्या आतल्या नव्या कंपनीला पहिली दोन वर्षे सहसा उपभोग कर माफ असतो, तीन कोटीवाल्याला पहिल्या दिवसापासून लागू. छोट्या कंपनीला तोट्यातही वर्षाला 70 हजार येन स्थानिक पट्टी भरावी लागते, ती एक कोटीच्या वर 1 लाख 80 हजार होते. परवान्यासाठी मोठे दिसणे सक्तीचे आणि मोठे दिसल्याचा कर वेगळा. नूतनीकरणाच्या वेळी हे सगळे भरल्याचे दाखले टोकियोत शिनागावा स्थानकावरून बसने इमिग्रेशनच्या कचेरीत न्यायचे असतात.

जमले नाही तर कंपनी बंद करता येते. विसर्जनाच्या आणि अवसायकाच्या नोंदणीला 39 हजार येन पडतात. राजपत्रात जाहिरात देऊन धनकोंची दोन महिने वाट पाहायची असते, धनको एकही नसला तरी. अवसायक बहुधा मालकच होतो. त्याने शिक्का पुन्हा नोंदवायचा असतो, कारण पहिली नोंद संचालक कुरुकारुनींची होती आणि अवसायक कुरुकारुनी नोंदणी कार्यालयाच्या ओळखीचे नसतात.