पाडव्याला नाव कुठं घालायचं?

"आक्का, आपल्या कोपऱ्यावरच्या शाळेचा निकाल किती टक्के लागतो हो?"

शेजारच्या सुनेनं हे विचारलं आणि आक्कांनी गुलबक्षीला घालायचं पाणी तांब्यातच ठेवलं.

"प्राथमिक शाळेला कसला गं निकाल? शिक्षण हक्काचा कायदा २०१० ला लागू झाला, तेव्हापासून आठवीपर्यंत कुणाला नापास करायचंच नव्हतं. आत्ता कुठं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणलीय. बाकी सगळी पोरं पास. निकालावर शाळा ठरवायची म्हटलीस तर सगळ्याच शाळा शंभर टक्के!"

शुक्रवार पेठेत आमच्या तिघींच्या परड्यांचा कोपरा एकच. भिंत कंबरेएवढी. २०१९ च्या पुरात वरचे थर ढासळले आणि नंतर ते बांधायचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण बोलायला बरं पडतं. आक्का महापालिकेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेल्या. पलीकडची सून सांगलीकडची, तिचा सोन्या यंदा पहिलीला. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होतात, म्हणजे नियमात बसतो. पाडवा तोंडावर आलाय, आणि कोल्हापुरात पाडव्याला पोराचं नाव शाळेत घालायची पद्धत अजून चालू आहे.

"आमचे हे म्हणतात, जरगनगरलाच घालायचं," सून म्हणाली. "तिथं म्हणे आदल्या रात्रीपासून लाईन असते."

"असते की. मी बघितलीय. माणसं सतरंज्या घेऊन बसतात."

हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगितलं तर पटत नाही. जरगनगरची ल. कृ. जरग विद्यामंदिर ही महापालिकेची शाळा, मराठी शाळा. तिथल्या पहिलीच्या प्रवेशासाठी आईबाप गुढी उभारायच्या आधी रांग धरतात, आणि वर्तमानपत्रात फोटो येतात. रांगेत रिक्षावाले असतात, तसे पगारदारही. महापालिकेच्या शाळेला 'गरिबाची शाळा' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ती रांग बघून यावी. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत या शाळेची नावं वर्षानुवर्षं येताहेत, त्याचा हा लौकिक.

"मग झालं तर!" मी म्हटलं. "एवढी माणसं रात्रभर जागतात, ती काय खुळी आहेत?"

"खुळी नाहीत ओ वैनी. रांग खोटी नसते. पण रांगेवरून एवढंच कळतंय, की लोकांना वाटतंय शाळा चांगली आहे. का चांगली, कुणासाठी चांगली, ते रांगेत उभ्या माणसाला विचारा. दहातले आठ म्हणतील, स्कॉलरशिपला पोरं येतात."

"येतात ना पण?"

"येतात. आणि त्यामागं बाई-गुरुजींचे जादा तास असतात, सुट्टीतले वर्ग असतात, घरून जाणारा तगादा असतो. त्याचं मोल मी कमी करत नाही. मी स्वतः जादा तास घेतलेत. पण फलकावर नावं किती लागतात? आणि वर्गात पोरं किती असतात? फलकावर नाव नसलेल्या पोराचं काय झालं, हे मला सांगा. तुमचा सोन्या फलकावरचाच निघंल कशावरून?"

सून जरा दुखावली. आईला हे वाक्य कुणीच ऐकवू नये. पण आक्कांनी सगळी नोकरी असली वाक्यं ऐकवण्यात घालवलीय.

शिष्यवृत्तीचं आणखी एक त्रांगडं त्यांनीच सांगितलं. पूर्वी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून ती पाचवीला आणि आठवीला नेली. झालं काय, की जिथं शाळा चौथीपर्यंतच आहे तिथं पोर घडवलं एका शाळेनं आणि सत्कार झाला दुसरीचा. आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं सरकारनं ठरवलंय. "म्हंजे फलक बघताना सालही बघायचं आणि पोर त्या शाळेत कधी आलं तेही," आक्का म्हणाल्या. "पाचवीत चांगली चांगली पोरं गोळा करून फलक रंगवणाऱ्या शाळा मी ओळखतो. नावं घेत नाही."

नावं त्यांनी नंतर हळू आवाजात घेतली. ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

एवढ्यात समोरचे अण्णा दुधाची किटली घेऊन कट्ट्यावरून परतत होते, ते फाटकाशी थांबले. अण्णांना कुठल्याही विषयात मत असतं आणि ते मोठ्यानं असतं.

"इंग्लिश मिडियमला घाला! कशाला विचार करत बसलाय? जगात आता मराठी कोण विचारतंय?"

"अण्णा," आक्का म्हणाल्या, "तुमचा नातू जातोय की इंग्रजी शाळेत. काल मी त्याला विचारलं, बाळा, 'माय मदर इज अ टीचर' म्हंजे काय? तर म्हणाला, ते आमच्या वहीत आहे."

अण्णांनी किटली या हातातून त्या हातात घेतली. "फी तरी बघा केवढी भरतो आम्ही."

"तेच तर! शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. आता धाडलं म्हणून दंड भरताय."

अण्णा हसले, कारण याच्यावर कोल्हापुरात दुसरं काही करता येत नाही. महाराजांचं नाव निघालं की वाद तिथंच मिटतो. पण मला त्या दंडाचं नेहमी नवल वाटतं. रुपया त्या काळी मजुराच्या घरात लहान नव्हता. पोराला गुरांमागून काढून शाळेत आणायला एवढा जोर लावावा लागत होता. आता शाळेत आणायचा प्रश्न उरलेला नाही; आल्यावर पोराला तिथं काय मिळतं, हा आहे. आणि त्यासाठी दंड कुणाला लावायचा हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

"मग मी बघू तरी काय?" सून काकुळतीला आली. "इमारत बघू? डिजिटल वर्ग बघू? सीसीटीव्ही?"

"भेंडी घेताना काय करतीस? टोक मोडून बघतीस का नाही? तसं बघ. तिसरीच्या वर्गात जा. हुशार पोरगं बाई स्वतः पुढं करतील, त्याला राहू दे. मागच्या भिंतीला टेकून बसलेलं एक पोर उठव आणि चार ओळी वाचायला दे. 'असर'वाले करतात तेच."

'असर' म्हणजे प्रथम संस्थेची पाहणी. २००५ पासून त्यांचे कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन पोरांना एकेक करून वाचायला लावतात: आधी अक्षर, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतल्या कितीतरी पोरांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे त्यांनीच देशाला वर्षानुवर्षं सांगितलं. ती पाहणी ग्रामीण भागाची. पेठेतल्या पोरांना कुणी घरी येऊन विचारत नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये 'निपुण भारत' आणलं, त्यातही मागणी एवढीच आहे: तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता यावं आणि साधी गणितं जमावीत. आठवीपर्यंत ढकलत नेण्यापेक्षा तिसरीत बघितलेलं बरं, हे आक्कांचं म्हणणं मला पटतं. तिसरीत वाचायला न येणारं पोर चौथीत गणिताचं उदाहरणही वाचू शकत नाही, आणि मग आपण म्हणतो त्याला गणितात गती नाही.

"पण मला वर्गात कोण सोडणार?"

"का नाही सोडणार? महापालिकेची शाळा आहे, तुझ्या घरफाळ्यावर चालतीय. आणि शाळा व्यवस्थापन समिती कशाला असती? कायद्यानं तीन चतुर्थांश माणसं पालकांतली पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत. समितीतल्या कुणा बाईला गाठ. तिला विचार, शेवटची बैठक कधी झाली? तिला आठवलं नाही, तर समजायचं सह्या घरी येतात."

मग त्यांनी भराभर सांगितलं. मधल्या सुट्टीत जायचं. पोषण आहाराची खिचडी पोरांना वाढायच्या आधी मोठ्यांनी चाखायची असते, त्याची नोंदवही मागायची. सगळ्या नोंदी एकाच पेनानं एकाच दिवशी लिहिल्यासारख्या दिसल्या तर काय ते समजायचं. मुलींच्या संडासाला कुलूप आहे का, आणि किल्ली कुणाकडं. पहिली ते पाचवीला तीस पोरांमागं एक शिक्षक पाहिजे, तो कागदावर आहे का वर्गात आहे. कारण मतदार यादीच्या कामाला कोण गेलंय, प्रशिक्षणाला कोण गेलंय, असं करत दोन वर्ग एका बाईंच्या गळ्यात येतात आणि त्या बिचाऱ्या एकीकडं पाढे म्हणायला लावून दुसरीकडं फळ्यावर लिहीत असतात. हे सांगताना मात्र आक्कांचा आवाज बदलला. "त्यात बाईंचा दोष काढू नको हां."

"आणि शिक्षकांची पोरं कुठं शिकतात, ते बघू का?" सुनेनं विचारलं. ती काही कमी नाही.

आक्का क्षणभर गप्प. त्यांचा मुलगा त्यांच्याच शाळेत शिकला. नात पुण्यात, इंग्रजी माध्यमाला.

"बघ," त्या म्हणाल्या. "पण एवढ्यावरच ठरवू नको. माझी नात बघितलीस तर माझी शाळा नापास होईल."

दोन-तीन दिवसांनी सून शाळा बघून आली. जरगनगरची नव्हे, कोपऱ्यावरचीच. कपडे वाळत घालताना तिनं सगळं ओतलं.

पट कमी. नळ आहे, पाणी येत होतं. पेल्याला साखळी होती. दुसरी आणि तिसरी एकत्र बसलेल्या. तिसरीतल्या मागच्या पोरानं बालभारतीचा धडा घडाघडा वाचला.

"वाचला का म्हटला?" आक्कांनी विचारलं.

"मलाही तीच शंका आली. पाठच होता त्याला. मग मी पिशवीतला 'पुढारी' काढला."

"शाब्बास!"

"मथळा वाचला त्यानं. अडखळला, पण वाचला. जोडाक्षराला बोट ठेवून थांबला, दोनदा म्हणून बघितलं आणि मग पुढं गेला. त्याच्या शेजारच्या मुलीला मात्र अक्षरंच ओळखू येत नव्हती. बाई म्हणाल्या, ती ऊसतोडीच्या कुटुंबातली, दिवाळीनंतर आलीय. त्यांनी तिची वेगळी वही केलीय. मला दाखवली."

"वही भरलेली होती?"

"रोजची तारीख होती."

आक्कांनी यावर काही मत दिलं नाही. माझ्या मते त्या वहीतच शाळेची सगळी परीक्षा होती; पण मी शिक्षिका नाही, म्हणून गप्प राहिले.

"मग घालतीस का तिथं?"

"हे म्हणतात, पट असाच उतरत गेला तर शाळाच राहणार नाही, मग पोराला चौथीत हलवायचं कुठं?"

इथं मात्र नवऱ्याची बाजूही खोटी नाही, आणि गप्पांत आपण ती नेहमी झाकतो. चांगल्या शाळेपुढं रांग लागते तेव्हा ती पोरं कुठून तरी येतात. केएमटीच्या बसनं, रिक्षानं, बापाच्या गाडीवर पुढं बसून, शहराच्या या टोकाकडून त्या टोकाकडं. ज्या गल्लीतून ती जातात, तिथल्या शाळेचा पट घसरतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक ठरवताना, शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की दुसरी-तिसरी एकत्र बसते. आणि ती एकत्र बसलेली बघून पुढचा पालक आणखी लांबच्या शाळेची वाट धरतो. यात जरगनगरच्या शाळेचा काही अपराध नाही. चांगलं चालवणं हा गुन्हा कसा असेल? पण महापालिकेच्या एका शाळेत जागा नाही आणि दुसरीत पोरं नाहीत, याचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा.

गंमत म्हणजे यावर उपाय सांगणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६४ ते ६६ हा आयोग चालला. त्यात शेजारशाळेची शिफारस होती: वस्तीतली सगळी पोरं, साहेबाची आणि हमालाची, वस्तीतल्याच शाळेत. म्हणजे मग साहेबच शाळेचा नळ दुरुस्त करून घेईल. शिफारस सगळ्यांना आवडली आणि कुणी पाळली नाही.

"गल्लीतल्या चार घरांनी मिळून घातलं तर?" मी सुनेला म्हटलं. "कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी आहे, बेकरीवाल्यांचा धाकटा आहे. एकटीनं धाडस कशाला करतीस?"

"बेकरीवाले म्हणाले, तुम्ही आधी घाला."

"आणि शिंपी?"

"ते म्हणाले, बेकरीवाल्यांनी घातलं तर."

आक्का खळखळून हसल्या. मग तांब्या भिंतीवर ठेवून पदर खोचला. "चल, आत्ताच चल. आधी बेकरी. बेकरीवाला माझाच विद्यार्थी. तिसरीत त्याला 'क्ष' येत नव्हता, अजून पाटीवर 'स्पेशल'चं स्पेलिंग चुकीचं आहे. पण पोरगा गुणाचा. माझ्यापुढं नाही म्हणायचा नाही."

"आणि म्हणाले तर?"

"तर त्याच्या बायकोशी बोलू. तीही माझीच."