हे खरे आहे काय?

उभा महाराष्ट्र 'वणीची देवी' म्हणतो. पण सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यात आणि वणी दिंडोरी तालुक्यात. उद्या एखाद्या आमदाराने सभागृहात विचारलं, "वणीची देवी वणीत नाही, हे खरे आहे काय?" तर लेखी उत्तर मला आत्ताच पाठ आहे : "हे अंशतः खरे आहे." अंशतः अशासाठी, की आमच्या वणी गावातही जगदंबेचं देऊळ आहेच.

या प्रश्नोत्तरांच्या भाषेवर माझा जीव आहे. विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची यादी मी दिवाळी अंकासारखी वाचतो. एकेक वाक्य पानभर चालतं. मध्ये 'तसेच' येतं, 'असल्यास' येतं, 'त्यानुषंगाने' येतं, पूर्णविराम मात्र येत नाही. आणि शेवटी ते लाडकं शेपूट : "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" विलंब झाला का, असं कुणी विचारत नाही. तो झालेलाच असतो, फक्त कारणं हवी असतात.

उत्तरंही तशीच मुरलेली. 'होय, हे खरे आहे', 'हे खरे नाही' आणि सगळ्यांचा मुकुटमणी : 'प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्या भागाला 'खरे नाही' म्हटलं, की पुढचे चार भाग उद्भवतच नाहीत. गावातला नळ आठ दिवस कोरडा असला तरी कागदावर तो वाहता राहतो.

दिल्लीतही तोच संसार, जरा मोठा. लोकसभेत किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची, मग चिठ्ठ्या निघायच्या, आणि दिवसाला वीसच प्रश्नांना तारा मिळायचा. तारा म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. अकरा ते बारा असा तासभर वेळ, त्यात चार-सहा प्रश्न निघाले तरी पुष्कळ. खरी गंमत त्यानंतरच्या पूरक प्रश्नात असते. पहिलं उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं; दुसऱ्याला मंत्र्याचं स्वतःचं डोकं लागतं. अशा प्रश्नांचे उस्ताद खासदार मधू लिमये जन्माने पुणेकर, 1964 साली निवडून आले ते बिहारमधल्या मुंगेरहून. नियमांचं पुस्तक कोळून प्यालेला हा माणूस उभा राहिला, की भल्याभल्या मंत्र्यांना कागद सावरावे लागत.

आमच्या भागाने या खेळातल्या सगळ्या जागा भूषवल्या आहेत. डॉ. भारती पवार 2019 साली दिंडोरीतून खासदार झाल्या. 2021 च्या जुलैत त्या केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या आणि त्यांचं प्रश्न विचारणं थांबलं. मंत्र्याने फक्त उत्तरं द्यायची असतात. आमचे आमदार नरहरी झिरवाळ 2020 साली विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. ती खुर्ची विचारतही नाही आणि उत्तरही देत नाही, 'खाली बसा' म्हणते. पण 4 ऑक्टोबर 2024 ला आदिवासींच्या प्रश्नावर ते स्वतःच मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उतरले. ही सूचना कुठल्या नियमाखाली मांडली, ते मला पुस्तकात अजून सापडलेलं नाही. त्याच डिसेंबरात ते मंत्री झाले. आता उत्तरं द्यायची पाळी त्यांची.

मधल्या काळात आमचाही एक प्रश्न होता. 7 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली. ती 4 मे 2024 ला उठली, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. आणि 20 मे ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान. मतदान यंत्रावर 'असल्यास' आणि 'नसल्यास' नसतं, बटणच असतं. भास्कर भगरे निवडून आले. पेशाने शिक्षक, म्हणून 'सर'. त्याच यंत्रावर आणखी एक भगरे होते, तेही 'सर', आणि चिन्हही पहिल्या भगऱ्यांच्या तुतारीच्या जवळपासचं. त्यांनाही लाखावर मतं पडली. हे खरे आहे काय? होय, हे खरे आहे.

मास्तर संसदेत जावा, हे मला फार आवडतं. ज्याचं उत्तर स्वतःला ठाऊक आहे तेच समोरच्याला उभं करून विचारायचं, हा मास्तरचा जन्माचा धंदा. जाणता खासदार तरी दुसरं काय करतो?

परवा उपबाजाराबाहेरच्या टपरीवर एक पोरगा मोबाईलवर लोकसभा लावून बसला होता. कुठल्याशा मंत्र्यांचं उत्तर चाललं होतं : मेट्रिक टन, राखीव साठा, ग्राहकांचं हित, सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे. शेजारी ट्रॅक्टर रिकामा करून आलेले तात्या बशीतला चहा फुंकत ऐकत होते.

"काय म्हणला रे?" त्यांनी विचारलं.

"लक्ष ठेवून आहेत, तात्या."

"कुणावर?"

पोरगा गप्प. हा पूरक प्रश्न दिल्लीत पोचला असता, तर नक्की गोंधळ उडाला असता.

मी आपला विषय बदलावा म्हणून म्हटलं, "तात्या, आज कांदा काय भाव गेला?"

त्यांनी खिशातली पावती काढली, लांब धरून पाहिली आणि घडी घालून परत ठेवली.

"उन्हाळचा का गोल्टीचा?"

"उन्हाळचा."

"सांगतो. आधी ह्या चहाचे पैसे कोण देतंय, ते सांगा."

मी उठून दोन चहांचे पैसे दिले. भाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितला नाही.