डिग्रीकाका

वडा तोंडाशी नेला तोच त्यावर लाल ठिपका उमटला.

"71," पाठीमागून आवाज आला. "दोन मिनिटं थांब. हे नुसतं वरचं आहे, आत बटाटा याहून पेटलेला असणार."

गणपतीच्या मंडपात शंभर माणसांदेखत मी वडा हातात धरून उभा, आणि मागे डिग्रीकाका पिस्तूल रोखून. असा एक काका प्रत्येक मंडळात असतोच. कुठे तो लोकांच्या पानातल्या कॅलरी मोजतो, कुठे पाण्याचा टीडीएस. पश्चिम विहारातल्या आम्हा मराठी मंडळींच्या वाट्याला तापमानवाला आला.

पिस्तूल 2020 सालचं. सोसायटीच्या फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याचं कपाळ तपासायची ड्यूटी कमिटीने काकांना दिली आणि ती परत घ्यायला कमिटी आजतागायत विसरली. मूळ यंत्र कपाळापुरतंच होतं. 43च्या वर गेलं की आकडा सोडून पडद्यावर नुसतं 'हाय' यायचं. काकांनी ते कुकरवर धरलं, 'हाय'. इस्त्रीवर धरलं, 'हाय'. "मेलं सगळ्यांना हाय-हॅलो करत बसतं," म्हणून वैतागून त्यांनी काश्मिरी गेट गाठलं आणि 550 अंशांपर्यंत मोजणारं कारखान्यातलं पिस्तूल आणलं.

आता पश्चिम विहारात 550 अंश तापणारं काय आहे? काहीच नव्हतं. म्हणून काकांनी तेही विकत घेतलं.

एक जुनी चिनी एटीव्ही. मोटरसायकलचं इंजिन, ढेकळं तुडवणारी चार फुगीर चाकं आणि मधे घोड्यावर मांड टाकावी तशी बैठक. तिला नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, सरकारी रस्त्यावर पाय ठेवायची मुभा नाही. ती राहते सोहन्याच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी, काकांच्या दोस्त चौधरीसाहेबांच्या पेरूच्या बागेत. दर रविवारी काका दिल्लीतून मेट्रो, बस आणि शेवटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून तिथे जातात, दोन एकरांत गोल गोल फिरतात आणि संध्याकाळी पेरू घेऊन परत येतात. मी एकदा म्हटलं, "काका, एवढ्या वेळात जयपूर होऊन येईल." ते म्हणाले, "2015 साली हरित लवादाने सांगितलं, दिल्लीत डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की बाद आणि पेट्रोल पंधरा वर्षांची. हिची नोंदच नाही, तर हिला बाद कोण करणार?" आणि मग उगाच हसले. काकांना तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं.

तर या एटीव्हीचा बेंड पाइप. इंजिनाच्या तोंडातून निघून सायलेन्सरकडे जाणारी नळी. तिला करोल बागेत सगळे बेंड पाइपच म्हणतात. ती नेमकी उजव्या मांडीला खेटून जाते. अर्ध्या तासाच्या प्रदक्षिणेनंतर मांडी शेकून निघते आणि बाजूचं प्लॅस्टिक पापडासारखं मऊ पडतं. यावर उपाय म्हणजे नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची. गुंडाळावी की गुंडाळू नये? या प्रश्नावर काका तीन वर्षं विचार करत आहेत. या तीन वर्षांत सोसायटीत दोन लग्नं ठरली, झाली, आणि त्यातलं एक मोडलंसुद्धा.

खोललेली नळी घेऊन त्यांच्याबरोबर करोल बागेत जायची चूक मी एकदा केली. मेकॅनिक सव्वीस-सत्तावीसचा, हात कोपरापर्यंत काळे. "लपेट दूँ, अंकल जी? पंद्रह मिनट का काम है." पट्टी पाण्याच्या बादलीत भिजत पडलेली. ओली असली की घट्ट बसते आणि काचेची कुसं उडत नाहीत. त्याने एक टोक नळीला लावलं, पाव इंच आच्छादत एक वेढा घेतला, दुसरा घेतला, स्टीलची क्लिप दातांत धरली.

"रुको," काका म्हणाले.

मग अर्धा तास व्याख्यान. पट्टीने उष्णता आत कोंडते, गरम धूर हलका राहून झपाट्याने निघून जातो, इंजिनाचा श्वास मोकळा होतो; ही एक बाजू. दुसरी अशी की जी उष्णता मांडीला लागायची ती आता नळीच्याच अंगात मुरते. त्यात बागेतला चिखल, धुतल्याचं पाणी पट्टीत शिरून बसतं, आणि साध्या लोखंडाची नळी आतल्या आत गंजून एक दिवस पट्टीसकट हातात येते. स्टेनलेस असती तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा सिरॅमिकचा लेप द्यावा का? की नुसता भोकाभोकांचा पत्रा, मधे बोटभर हवा सोडून? मेकॅनिकने दातांतली क्लिप काढली, दोन्ही वेढे उलगडले आणि पट्टी परत बादलीत टाकली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काका महिन्यातून एकदा येतात म्हणाला.

तशाच पट्टीचा 50 फुटी, 2 इंच रुंद रोल काकांच्या घरी टीव्हीशेजारी ठेवलेला आहे. वेष्टनावर टायटॅनियम लिहिलंय. प्रत्यक्षात तो निघाला बेसाल्टचा. 1400 अंशांच्या वर दगड वितळवून त्याचे धागे काढतात. हे कळलं त्या दिवशी मूळचे वाईचे काका घरोघर सांगत फिरले, "अरे, आपल्या पसरणी घाटाचा काळा दगड! त्याची फीत करून आपल्यालाच टायटॅनियम म्हणून विकतात!" तेव्हापासून पाहुण्यांना चहाआधी रोल हातात घ्यावा लागतो. नंतर सगळ्यांचे हात खाजतात.

आणि बेंड पाइपचं तापमान? तेही सरळ मिळत नाही. घासून चकचकीत केलेल्या धातूवर पिस्तूल फसतं, खरा आकडा कितीतरी जास्त असताना कमी दाखवतं. म्हणून काकांनी नळीवर रुपयाएवढा ठिपका सायलेन्सरच्या काळ्या रंगाने रंगवलाय आणि त्यावरच नेम धरतात. चौधरीसाहेब त्याला एटीव्हीचं काजळ म्हणतात.

हे सगळं सहन होतं. सहन होत नाही ते त्यांचं बरोबर असणं. 29 मे 2024 ला दिल्लीतल्याच मुंगेशपूरच्या हवामान केंद्रावर 52.9 अंश नोंदले गेले. चॅनेलवाले रस्त्यावर अंडी तळायला निघाले होते आणि काका गॅलरीच्या कठड्याला पिस्तूल लावून म्हणत होते, "सेन्सर चुकलाय." आम्ही हसलो. कठड्यावरून मुंगेशपूर कसं कळणार? दोन-तीन दिवसांत हवामान खात्यानेच सांगितलं, सेन्सर 3 अंश जास्त दाखवत होता. त्यानंतरचा जून महिना आमच्या सोसायटीला उन्हापेक्षा काकांनी जास्त जाळला.

डिग्रीकाका हे टोपणनाव माझंच. गेल्या वर्षी मंडळाच्या स्टेजवर मी माइकमध्ये तेच उच्चारलं, लोक हसले, काकांनीही हात जोडले. परतताना बसच्या खिडकीच्या काचेवर नेम धरत ते म्हणाले, "डिग्री नाही रे मला. डिप्लोमा." काच 38. "बावीस वर्षं एका खुर्चीत. नवी डिग्रीवाली पोरं यायची, अहवालावर सही करायची आणि वर जायची. आकडे माझे असायचे." मला काही सुचेना. तेव्हा त्यांनीच पिस्तूल खिशात घातलं. "असू दे. शेवटी मिळाली की. तीही भर मंडपात."

आणखी एक गोष्ट लिहायची नव्हती, पण आता लिहितोच. काकांकडे एक लांबट वही आहे. रकाने: वेळ, ठिकाण, अंश, शेरा. बेंड पाइपच्या नोंदी बघायला म्हणून ती मी चाळली. उलटीकडून उघडली गेली. एप्रिल 2021. दिल्ली बंद होती, दवाखान्यात खाट मिळत नव्हती, आणि माझे आईवडील पुण्यात फोनला कान लावून बसलेले. मी घरात एकटा. काका दिवसातून तीनदा दाराशी यायचे, दोन मास्क लावून, हात लांब करून कपाळावर ठिपका टाकायचे आणि आकडा ओरडून सांगायचे, म्हणजे फोनवर आईला ऐकू जाईल. वहीत ते सगळं आहे. पहाटे 3.10, बी-14, कपाळ, 102.6, शेरा: पेज अर्धी वाटी घेतली. खाली आणखी अकरा घरं. चार पानांनंतर काही घरांचे रकाने रिकामे आहेत. त्यानंतर दोन कोरी पानं आणि मग त्याच अक्षरात: सकाळी 11.20, बेंड पाइप, काळा ठिपका, 284, शेरा: निर्णय नाही.

निर्णय अजून नाही. पट्टी मात्र गेल्या महिन्यात एकदाची सुटली. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली कोळशाच्या इस्त्रीने कपडे करणारी बाई आहे. इस्त्रीची लाकडी मूठ तापते म्हणून ती तिला जुन्या पायजम्याची चिंधी बांधते. काकांनी मूठ मोजली, 58. वर गेले, रोल घेऊन आले, पट्टी भिजवली, पाव इंच आच्छादत सहा वेढे घेतले, क्लिप आवळली. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. दुपारी मोजलं, 44. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी मुठीला पुन्हा पायजमा.

"खुजली होती है, अंकल जी," ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली, वही काढली आणि अंशाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. शेऱ्यात बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मग पिस्तूल तिच्या चहाच्या ग्लासवर धरलं.

"63. अभी मत पीना."