पार्टिशनराव यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. पार्टिशनराव यांस,
मु. पो. चालक आणि प्रवासी यांच्या मधोमध, ई-बाइक टॅक्सी, महाराष्ट्र राज्य.

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, 1 एप्रिल 2025 रोजी (तारखेला हसू नये, मंत्रिमंडळाची बैठक नेमकी त्याच दिवशी होती) राज्य सरकारने ई-बाइक टॅक्सीचं धोरण मंजूर केलं आणि चालक-प्रवाशांच्या मध्ये आपली नेमणूक होणार असल्याचं जाहीर केलं. शिवाय पावसाळ्यात गाडीला वरून आच्छादन. तेव्हापासून मी आपल्याला शोधतोय. दादरला पाहिलं, घाटकोपरला मेट्रोखाली पाहिलं. बाइक दिसल्या, चालक दिसले, बॅग पोटाशी धरून मागे बसलेल्या मुली दिसल्या. आपण काही दिसला नाहीत. हजर होण्याआधीच रजा टाकलीत की काय?

आपली नेमणूक महिलांच्या सुरक्षेसाठी आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण थोडं तांत्रिक विचारतो. खड्ड्यात चाक गेलं की मागचा माणूस पुढच्याचा खांदा धरतो. आता खांद्याच्या जागी आपण. म्हणजे नाक आपल्यावर, एक हात मागच्या दांडीला आणि दुसरा हेल्मेटला. हेल्मेटला का, तर मागच्या सीटसाठी ठेवलेल्या हेल्मेटचं बक्कल तुटलेलं असतं आणि ते हनुवटीखाली धरून बसावं लागतं. आत आधीच्या चार डोक्यांचा घाम आणि थंडगार तेलाचा वास. जाणते लोक आधी डोक्यावर रुमाल टाकतात. हे सगळं जमवून आपण वाशीच्या पुलावर चढलो आणि खाडीचा वारा त्या आच्छादनात शिरला, तर चालक, आपण आणि मी असे तिघेही पतंगासारखे थेट मानखुर्दला उतरू. भाडं मग हवाई मार्गाचं लागेल का, हे नियमात सापडलं नाही.

आपण खात्यात नवे, म्हणून पूर्वपीठिका सांगतो. डिसेंबर 2022 मध्ये पुण्यात एका अ‍ॅपवाल्या कंपनीचा परवान्याचा अर्ज फेटाळला गेला. कारण, बाइक टॅक्सीसाठी राज्याचं धोरणच नव्हतं. धोरण करायचं कोणी? राज्याने. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने सेवा थांबवायला सांगितली, फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. धोरणाला त्यानंतर दोन वर्षं लागली. मधल्या काळात बाइक काय घरी बसल्या? जुलै 2025 मध्ये खुद्द परिवहनमंत्र्यांनी मंत्रालयाजवळून मोबाइलवर बाइक बोलावली, तर ती आली! अ‍ॅप बंद आहेत, असं अधिकारी सांगत होते म्हणे. मंत्र्यांनी त्या पोरावर गुन्हा न घालता त्याच्या हातावर 500 रुपये ठेवले. प्रकरण कंपनीवर शेकवायचं होतं. एवढी समज नंतरच्या नाक्यांवरही टिकली तर बरं, कारण तिथे अडकतो तो पोरगा आणि जप्त होते ती त्याची गाडी.

रिक्षावाल्यांचा राग मात्र मला खोटा वाटत नाही. 28 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात त्यांनी चाकं थांबवली, तेव्हा आम्ही प्रवाशांनी यथेच्छ शिव्या दिल्या. (‘जवळचं भाडं नाही’ हे वाक्य ऐकून ऐकून त्या साठलेल्याच होत्या.) पण परमिट, बॅज, मीटरचं कॅलिब्रेशन, दर खेपेचं पासिंग हे सगळं त्याने भरायचं आणि शेजारून पांढऱ्या नंबरप्लेटची स्कूटर त्याचंच गिऱ्हाईक उचलणार, हे त्याने कोणत्या तोंडाने गोड मानावं?

आता नियमात परवाना हवा तर ताफ्यात किमान 50 ई-बाइक हव्यात, रंग पिवळा हवा, फेरी 15 किलोमीटरच्या आत हवी. आपल्यासाठी जागा आहे, रंगासाठी आहे. कर्जाचे हप्ते फेडत एकुलती एक पेट्रोलची गाडी चालवणाऱ्याला मात्र जागा नाही. त्याने ती विकावी आणि पन्नासवाल्याच्या दारात नोकरी मागावी.

शेजारच्या गोव्यात आपले कोणी नातलग आहेत का, म्हणून चौकशी केली. नाहीत. तिथे चाळीसेक वर्षांपासून मोटारसायकलचे ‘पायलट’ आहेत, परवानाधारक. म्हापशाच्या, मडगावच्या स्टँडवर रांगेत उभे असतात. पुढचा मडगार्ड पिवळा, गाडी स्वतःची. बाजार करून निघालेल्या बायका पिशव्या सांभाळत मागे बसतात आणि घरी पोहोचतात. आपल्यावाचून! एवढा साधा कारभार आमच्या मंत्रालयाला पटण्यासारखा नाही, याची मला कल्पना आहे.

तरी आपण कधी रुजू होता, ते कळवावं. आलात तर खांद्याच्या उंचीवर धरायला एक कडी तेवढी घेऊन या.

आपला,
मागच्या सीटवरचा

ता. क. : भाडं पहिल्या दीड किलोमीटरला 15 रुपये आणि पुढे किलोमीटरला 10 रुपये 27 पैसे ठरलं आहे. चार आण्याचं नाणं 2011 सालीच बंद झालं. वरचे 27 पैसे आपल्याकडे जमा करायचे का?