झाला म्हणे फिक्स!

'बग फिक्स झाला.' सॉफ्टवेअर कंपनीतलं सगळ्यात लाडकं वाक्य. आणि सगळ्यात अर्धवट.

झाला, पण कुठल्या व्हर्जनमध्ये?

बगची तिकिटं सांभाळणाऱ्या 'जिरा' या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'फिक्स व्हर्जन' असा खास रकाना आहे. अनेकदा रिकामा. भरलेला असलाच तर पुढच्या रिलीजचा आकडा. रिलीज लांबलं की आकडाही सरकवायचा. तिकीट मात्र 'क्लोज्ड'. डॅशबोर्ड हिरवागार, ग्राहक लालबुंद.

डेव्हलपर म्हणतो, कोड टाकला, विषय संपला. टेस्टर म्हणतो, माझ्या बिल्डमध्ये बग तसाच आहे. गंमत अशी की दोघंही खरं बोलतात. म्हणून तर मीटिंग दोन तास चालते.

उबुंटू लिनक्सवाल्यांच्या 'लाँचपॅड' या साइटवर यासाठी दोन वेगळ्या पाट्या आहेत: 'फिक्स कमिटेड' आणि 'फिक्स रिलीज्ड'. दुरुस्ती झाली, आणि दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचली. या दोन्हींत किती अंतर असतं, ते आपल्या गल्लीतल्या खोदलेल्या रस्त्याला विचारा.

डेबियन लिनक्सची मंडळी आणखी चिकट. त्यांच्या बगच्या नोंदवहीत 'फाउंड' आणि 'फिक्स्ड' अशा दोन आज्ञा आहेत. बग कुठल्या व्हर्जनमध्ये सापडला ते लिहा, कुठल्या व्हर्जनमध्ये मेला तेही लिहा. कारण तिथे स्टेबल, टेस्टिंग, अनस्टेबल अशा शाखा एकाच वेळी नांदतात, आणि अनस्टेबलमध्ये मेलेला बग स्टेबलमध्ये ठणठणीत असू शकतो. (अनस्टेबलचं कायमचं नाव 'सिड'. 'टॉय स्टोरी'तला खेळणी मोडणारा पोरगा. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा!)

मग आकडा लिहिला की काम झालं?

एप्रिल 2014, 'हार्टब्लीड' नावाचा बग. वेबसाइटींची गुपितं राखणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत 1.0.1 पासून 1.0.1एफ पर्यंत भोक, 1.0.1जी मध्ये ते बुजवलं. सोपं वाटतं ना? डेबियनने तीच दुरुस्ती आपल्या स्टेबलमधल्या जुन्या 1.0.1ई वर चढवली आणि आकड्याला एक लांबलचक शेपूट जोडलं. शेपूट वाचलं तर तुम्ही सुरक्षित. नुसतं 'ई' वाचणाऱ्या ऑडिटरच्या लेखी तुम्ही नापास.

आणि जे 0.9.8 वरच लोळत पडले होते? त्यांच्याकडे हा बग कधी आलाच नव्हता. आळशीपणाचं एवढं चीज क्वचितच होतं.

डिसेंबर 2021, 'लॉगफोरजे' या जावा लायब्ररीतलं भगदाड. फिक्स झालं 2.15.0 मध्ये. तो फिक्स अपुरा, म्हणून 2.16.0. त्यातून वेगळंच दुखणं निघालं, म्हणून 2.17.0. वर्ष संपता संपता आणखी एक, म्हणून 2.17.1. एकाच महिन्यात सगळं. ज्याच्या तिकिटावर नुसतं 'फिक्स्ड' होतं, तो यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर उभा होता?

त्यालाच माहीत. बहुधा त्यालाही नाही.

आता खिशातला फोन काढा. कुठल्याही ॲपच्या अपडेटखाली पाहा: 'बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स'. कुठला बग? कधीपासून होता? माझे पैसे अडकले होते, तो हाच का? उत्तर नाही. पंधरा दिवसांनी नवं अपडेट येतं, खाली तेच वाक्य. ॲपचा लोगो बदलतो, रंग बदलतो, बटणं डावीकडची उजवीकडे जातात.

हे वाक्य तेवढं आजवर एकाही व्हर्जनमध्ये बदललेलं नाही.